मधला स्पीकर कोणासाठी? होम थिएटर रिसीव्हरच्या मेन्यूमागचा इतिहास

गेल्या काही महिन्यांत श्रोत्यांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा आली, म्हणून हा भाग. तक्रार साधारण अशी असते: "रिसीव्हर आणला, पाच स्पीकर लावले, सबवूफर लावला, आणि आता सिनेमातली माणसं काय बोलतात तेच कळत नाही. आवाज वाढवला की पुढच्या क्षणी पडद्यावर गाडी उडते आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात."

मग माणूस रिमोट घेतो आणि मेन्यू उघडतो. तिथे काय असतं? स्पीकर साइज, लार्ज की स्मॉल. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. डिस्टन्स. लेव्हल. एलएफई. नाइट मोड. सराउंड मोडची तर दहा-बारा नावं. आणि आवाजाचा आकडा बघावा तर तो उणे बत्तीस. उणे आवाज म्हणजे काय?

मॅन्युअलमध्ये कुठलं बटण दाबायचं ते असतं. का दाबायचं ते नसतं. यातलं जवळजवळ प्रत्येक सेटिंग कुठल्यातरी थिएटरात, कुठल्यातरी इंजिनिअरला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न विसरले गेले, उत्तरं मेन्यूत राहिली. आज ते प्रश्न शोधू. ऐकताना मी मधेमधे टेस्ट टोन वाजवून दाखवलाय, तो अर्थातच इथे लेखी रूपात नाही, पण त्याने फार अडणार नाही.

सुरुवात सबवूफरपासून करायची नाही. सगळे तिथूनच करतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. सुरुवात मधल्या स्पीकरपासून, म्हणजे सेंटरपासून.

साल १९३१. लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाचा इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला. बोलपट येऊन थोडीच वर्षं झाली होती. पडद्यामागून आवाज एकाच जागेवरून यायचा, त्यामुळे नट पडद्याच्या डाव्या टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, असं चालायचं. बाकीच्यांना त्याची सवय झाली होती, याला ते खटकलं. आवाज नटाच्या मागे मागे फिरेल अशी युक्ती आपल्याला सापडली आहे, असं त्याने बायकोला सांगितलं. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज ज्याला आपण स्टीरिओ म्हणतो त्याचा बराचसा पाया त्या एका कागदपत्रात आहे. १९३५ मध्ये त्याने प्रयोगासाठी फिल्म्सही काढल्या, त्यातली एक हेज स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या आगगाड्यांची. आगगाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि आवाजही तिच्याबरोबर जातो. पण कंपनीला तेव्हा त्यात रस नव्हता. ब्लमलाइन पुढे रडारच्या कामाला लागला आणि ७ जून १९४२ रोजी रडारच्या चाचणीसाठी उडालेलं विमान कोसळून गेला. वय अडतीस.

लक्षात घ्या, स्टीरिओची कल्पना सुचली ती सिनेमा बघताना. गाण्यांच्या तबकड्यांवर ती पुढे आली.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर वेगळ्या बाजूने काम करत होते. २७ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी एक जाहीर प्रयोग केला. फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. फिलाडेल्फियाच्या मंचासमोर तीन मायक्रोफोन, मधे तीन टेलिफोन लाइन, आणि वॉशिंग्टनच्या मंचावर तीन स्पीकर. ऑर्केस्ट्राचे मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी ऑर्केस्ट्रासमोर नव्हतेच, ते वॉशिंग्टनला आवाजाच्या नियंत्रणाशी बसले होते.

तीनच का? कान तर दोन आहेत.

माझ्या मते पूर्ण विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा थांबू. दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसलात तर दोन्हीकडून सारखा आलेला आवाज मधून आल्यासारखा वाटतो. तिथे स्पीकर नाही, तरी वाटतो. याला फँटम सेंटर म्हणतात, भासाचा मधला. पण तुम्ही हातभर डावीकडे सरकलात की तो भास मोडतो. डावा स्पीकर जवळ येतो, त्याचा आवाज थोडा आधी आणि थोडा मोठा पोचतो, आणि आख्खा आवाज डाव्या स्पीकरला जाऊन चिकटतो. एकट्या माणसाला दोन स्पीकर पुरतात. हॉलभर माणसं बसली असतील तर मधे खराखुरा स्पीकर हवा. म्हणजे मधला स्पीकर बाजूला बसलेल्यांसाठी असतो. उत्तम खुर्चीत बसणाऱ्याला त्याची तेवढी गरजच नसते.

आता आपल्या घरातली बैठक आठवा. टीव्हीसमोर सोफ्याच्या मधोमध कोण बसतं? ज्याने रिसीव्हर विकत घेतला तो. आई भिंतीकडच्या खुर्चीत, कारण तिथून उठायला सोपं पडतं. बाबा दाराशी. मुलं खाली सतरंजीवर. पुण्यात एका मित्राकडे मी हेच पाहिलं. सिनेमा चालू, आणि दर पाच मिनिटांनी त्याची आई विचारते, "काय म्हणाला रे तो?" मित्र म्हणाला, "आईचे कान आता जरा..." मी मेन्यू उघडला. सेंटर स्पीकरपुढे लिहिलं होतं 'नन'. नवीन टीव्ही युनिटमध्ये जागा नव्हती म्हणून सेंटर काढून माळ्यावर ठेवला होता, आणि सेंटरचे संवाद रिसीव्हर डाव्या-उजव्यात वाटून देत होता. मधे बसणाऱ्या मित्राला फरक कळतच नव्हता. त्याच्या आईला मात्र संवाद शेजारच्या उजव्या स्पीकरमधून, पार्श्वसंगीतात कालवून ऐकू येत होते. माळ्यावरचा स्पीकर खाली आला, टीव्हीखाली बसला, त्याचं तोंड थोडं वर केलं, लेव्हल दोन डेसिबलने वाढवली. कानांच्या डॉक्टरांकडे जायचं ते जावंच, पण काकूंचं विचारणं त्या संध्याकाळी बरंच कमी झालं.

मुद्दा हा की सिनेमाच्या मिश्रणात बहुतेक सगळे संवाद सेंटरमध्ये असतात. तो एक स्पीकर नीट नसेल तर बाकीचे कितीही महागाचे असोत, सिनेमा अर्धाच ऐकू येतो.

आता मागच्या स्पीकरांकडे वळू.

१३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये डिस्नेचा 'फँटेशिया' लागला. संगीत पुन्हा स्टोकोव्स्कींचंच. त्यासाठी 'फँटासाउंड' नावाची यंत्रणा बनवली होती: आवाजाचे तीन ट्रॅक आणि चौथा ट्रॅक त्यांचा आवाज कमीजास्त करणारा. आवाज एका स्पीकरवरून दुसऱ्याकडे सरकवायचं जे बटण, ज्याला आज प्रत्येक स्टुडिओत पॅनपॉट म्हणतात, ते या कामासाठी घडवलं गेलं. यंत्रणा इतकी महाग आणि अवजड होती की मोजक्याच थिएटरांत बसली, आणि लगेच युद्धाने ते प्रकरण मिटवलं.

खरा पसारा वाढला १९५३ मध्ये. घरोघरी टीव्ही येत होते, थिएटरं ओस पडत होती. मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने लांबरुंद पडदा काढला, सिनेमास्कोप. पहिला चित्रपट 'द रोब'. फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्टीवर चार ट्रॅक: डावा, मधला, उजवा, आणि चौथा प्रेक्षागृहातल्या स्पीकरांसाठी. हा चौथा म्हणजे आपल्या सराउंडचा थोरला पूर्वज. गंमत अशी की या चौथ्या ट्रॅकची पट्टी अरुंद होती आणि त्यावर खरखर फार. शांत प्रसंगात डोक्यामागे सतत 'स्स्स' ऐकू आलं असतं. म्हणून त्याच ट्रॅकवर १२ किलोहर्ट्झचा एक सूर नोंदवायचे. तो सूर असेल तेव्हाच मागचे स्पीकर चालू, नाहीतर बंद. मागचे स्पीकर सतत वाजण्यासाठी नसतात, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. आजही कुणी म्हणतं, "मागचे स्पीकर काही वाजतच नाहीत, बिघडलेत वाटतं." बहुतेक वेळा बिघडलेले नसतात, त्या प्रसंगात त्यांना कामच नसतं.

थिएटरवाल्यांना मात्र हा खर्च परवडेना. १९५४ मध्येच फॉक्सने साध्या मोनो आवाजाची सक्ती-बिक्ती सोडून मुभा दिली, आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा पडद्यामागचा एक स्पीकर. ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर सहा ट्रॅक असायचे, पण ते मोठ्या शहरातल्या मोठ्या चित्रपटांसाठी. आपल्याकडे १९७५ चा 'शोले' आठवा. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात तो ७० मिलिमीटरमध्ये बघितलेले लोक आजही चित्रपटाइतकंच आवाजाबद्दल बोलतात. नाणं खाली पडलं की लोक आपल्या खुर्चीखाली बघायचे, असं सांगतात. अतिशयोक्ती असेलही थोडी. पण नाणं हॉलमध्ये पडलं असं वाटणं, हाच तर चौथ्या ट्रॅकचा उद्देश होता.

आता एक नाव येणार, आणि ते ऐकून महाराष्ट्रातला निम्मा श्रोतृवर्ग कानावर हात ठेवील. डॉल्बी.

आपल्याकडे 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' असे फलक लागतात, पोलिसांच्या नोटिसांत तोच शब्द असतो. रे डॉल्बी या माणसाचं आयुष्य मात्र नको असलेला आवाज कमी करण्यात गेलं! अमेरिकेत जन्मलेला, विद्यार्थीदशेतच अँपेक्स कंपनीत व्हिडिओ टेप रेकॉर्डरवर काम केलेला, केंब्रिजला पीएचडी केलेला हा माणूस १९६३ ते १९६५ युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता, चंदीगडला, केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या कामात. इथे असताना तो भारतीय संगीत टेपवर ध्वनिमुद्रित करायचा, आणि टेपची खरखर कशी घालवावी याचा विचार इथेच पुढे सरकला. तानपुऱ्याची आस विरत जाते तिथे खरखर किती खुपते हे जुन्या कॅसेट ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्याने स्वतःची कंपनी काढली. काम एकच: हळू आवाज नोंदवताना चढवायचा, वाजवताना तेवढाच उतरवायचा, त्याबरोबर खरखरही उतरते. त्या माणसाचं नाव आपण ट्रॉलीवरच्या भिंतीला दिलं. असो.

खरखर गेली, तेव्हा सिनेमाच्या साध्या ऑप्टिकल ट्रॅकवर दोन अरुंद ट्रॅक बसवणं शक्य झालं. पण हवे होते चार: डावा, मधला, उजवा, मागचा. दोनात चार कसे बसवायचे? घरातल्या चार स्पीकरांचा, क्वाड्राफोनिकचा प्रयोग सत्तरीच्या सुरुवातीला कंपन्यांच्या आपसातल्या भांडणात बुडाला होता, पण त्यातलं गणित कामाला आलं. दोन्ही ट्रॅकवर जे अगदी सारखं आहे ते मधल्या स्पीकरला द्या. दोन्ही ट्रॅकवर जे एकमेकांच्या बरोबर उलट आहे, म्हणजे एकात लाट वर तेव्हा दुसऱ्यात खाली, ते मागे द्या. उरलेलं डावीकडे आणि उजवीकडे. हेच डॉल्बी स्टीरिओ, १९७५ च्या आसपास आलेलं आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने जगभर पोचवलेलं. आपल्याकडे १९९४ च्या '१९४२ : अ लव्ह स्टोरी'च्या जाहिरातीत हे नाव झळकलं.

या युक्तीत एक भोक होतं. दोन ट्रॅक किंचित जरी पुढेमागे झाले, तर मधल्या स्पीकरचा थोडा आवाज मागे गळायचा, विशेषतः संवादातले 'स' आणि 'श'. नायिका पडद्यावर बोलते आणि तिचा 'स' तुमच्या मानेमागे फुटतो.

यावरचा इलाज कानाच्या एका सवयीत होता. १९४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात हेल्मूट हास याने आपल्या प्रबंधात दाखवलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर आपल्याला तो आधी पोचलेल्या दिशेनेच आल्यासारखा वाटतो. मागून येणारा साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत असेल, तर तो थोडा मोठा असला तरीही पहिलाच जिंकतो. डॉल्बीच्या लोकांनी हेच केलं. मागच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडला. 'स' आधी पडद्याकडून पोचतो, मागचा गळका 'स' नंतर येतो, आणि कान त्याला वेगळा मोजतच नाही. शिवाय मागच्या स्पीकरमधून ७ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलं.

रिसीव्हरमधलं डिले हे सेटिंग इथून आलं. १९८२ मध्ये घरगुती डॉल्बी सराउंड आला, १९८७ मध्ये प्रो लॉजिक. जुना प्रो लॉजिक रिसीव्हर कुणाकडे असेल तर त्यात १५, २०, ३० मिलिसेकंद असे पर्याय दिसतील. प्रो लॉजिकचं मोठं काम मात्र दुसरं होतं: त्याने घराला खराखुरा सेंटर दिला. १९८२ च्या घरगुती यंत्रणेत तो नव्हताच, म्हणजे पाच वर्षं घरोघरी मधल्या खुर्चीतल्या माणसाचं राज्य होतं.

१९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं. फिल्मच्या कडेला जी भोकं असतात, त्यांच्या मधल्या जागेत डिजिटल ठिपके छापले. आता प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा, गळती संपली. मग डिले कशाला? त्याचं काम बदललं. आता सगळ्या स्पीकरांचा आवाज तुमच्यापाशी एकाच वेळी पोचावा म्हणून जवळच्याला थोडं थांबवायचं. नावही बदललं, डिस्टन्स. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरचा स्पीकर ३ मीटरवर आणि मागचा १ मीटरवर असेल, तर फरक २ मीटर, म्हणजे जवळजवळ ६ मिलिसेकंद. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि मागचे स्पीकर अगदी कानाशी. अंतर न भरता सगळे सारख्या अंतरावर ठेवले, तर हासचा नियम उलटा लागू होतो: मागचा आवाज आधी पोचतो आणि कान मागे ओढला जातो. म्हणून टेप घेऊन मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त सबवूफरचं अंतर स्वयंचलित मोजणीत प्रत्यक्षापेक्षा जास्त आलं तर ते खोडू नका. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळही त्यात धरलेला असतो.

आता सबवूफर. इतका वेळ त्याला ताटकळत ठेवला.

१९७४ च्या 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी युनिव्हर्सलने सेन्सराउंड काढलं. प्रचंड स्पीकर, आणि भूकंपाच्या वेळी ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवेल असा खर्ज. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून खाली जाळी बांधली होती! शेजारच्या पडद्यावर दुसरा सिनेमा बघणाऱ्यांना भूकंप फुकटात. ते तंत्र चाललं नाही, पण निर्मात्यांना खर्जाची चटक लागली. 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रिंटवर पडद्यामागच्या पाचपैकी दोन ट्रॅक फक्त खर्जाला दिले. १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'त वॉल्टर मर्च यांनी मागचा आवाजही डावा आणि उजवा असा वेगळा केला, हेलिकॉप्टर हॉलभर फिरवलं. समोर तीन, मागे दोन, आणि एक खर्जाचा. त्या खर्जाच्या ट्रॅकला पूर्ण रुंदी लागत नाही, म्हणून टॉमलिन्सन होल्मन यांनी १९८७ मध्ये एका समितीच्या बैठकीत त्याला 'पॉइंट वन' म्हटलं. ५.१ हा आकडा तिथला. आपल्याकडे पुढे तो खोक्यावर छापायचा आकडा झाला. आत स्टीरिओच सहा स्पीकरांत वाटून दिलेला असला तरी बाहेर ५.१.

एलएफई म्हणजे हा 'पॉइंट वन' ट्रॅक. सबवूफर म्हणजे तुमच्या कोपऱ्यातलं खोकं. दोन्ही एक नाहीत. खोक्यात एलएफई जातोच, शिवाय बाकीच्या स्पीकरांना न पेलणारा खर्जही जातो. कुठल्या पट्टीखालचा खर्ज पाठवायचा, ते क्रॉसओव्हर ठरवतो. ८० हर्ट्झचा आकडा रूढ केला टीएचएक्सने, म्हणजे लुकासफिल्ममध्ये होल्मन यांच्याच देखरेखीत घडलेल्या मानकाने. कारण असं की त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा सांगता येत नाही, तेव्हा तो एका कोपऱ्यातून आला तरी चालतो.

इथे मानापमान होतो. छातीएवढे उंच टॉवर स्पीकर आणावेत आणि रिसीव्हरने त्यांना 'स्मॉल' म्हणावं! लोक चिडून 'लार्ज' करतात. पण या शब्दांचा उंचीशी संबंध नाही. 'स्मॉल' म्हणजे खर्ज सबवूफरकडे पाठव, 'लार्ज' म्हणजे पाठवू नको. घरात सबवूफर असेल तर बहुतेकांनी 'स्मॉल' आणि ८० ठेवावं, आणि सेंटरला तर नक्कीच. खर्जाच्या ओझ्यातून सुटलेला सेंटर संवाद जास्त स्वच्छ देतो.

राहिला तो उणे आकडा. थिएटरात मिश्रण करताना आवाज किती ठेवायचा, याचं प्रमाण सत्तरच्या दशकात डॉल्बीच्या लोकांनी रूढ केलं: ठरावीक टेस्ट टोन प्रत्येक पडदा-चॅनेलमधून ८५ डेसिबल यावा. मग जास्तीत जास्त १०५ पर्यंत जाता येतं, एलएफईला ११५ पर्यंत. तुमच्या रिसीव्हरवरचा शून्य म्हणजे हे प्रमाण. उणे बत्तीस म्हणजे मिश्रकाने ऐकलं त्यापेक्षा ३२ डेसिबल खाली. अर्थात लेव्हल नीट लावल्या असतील तरच, आणि त्यासाठीच तो टेस्ट टोन असतो: नेहमीच्या जागी बसा, फोनवरचं साधं ध्वनिमापक ॲपही चालेल, प्रत्येक स्पीकर सारखा भरवा.

शून्यावर आपण कुणी ऐकत नाही, फ्लॅटमध्ये ऐकूही नये. पण खाली आणल्यावर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कानाची खर्ज ऐकायची ताकद हळू आवाजात झपाट्याने घटते. हे १९३३ मध्येच आलेखांनी दाखवणारे कोण? तेच हार्वे फ्लेचर, सहकारी मन्सन यांच्याबरोबर. म्हणून सिनेमा पोकळ वाटतो आणि लोक सबवूफर चढवतात, मग धमाक्याला काका वर येतात. त्याऐवजी रिसीव्हरमध्ये 'डायनॅमिक ईक्यू' किंवा तत्सम काही असेल तर ते चालू करा, ते आवाजाच्या आकड्याप्रमाणे खर्ज भरतं. दुसरं म्हणजे कुजबुज खोलीतल्या पंख्याखाली बुडते. थिएटरात पंखा नसतो, कुकरची शिट्टी नसते. यासाठी नाइट मोड. डॉल्बी डिजिटलच्या प्रवाहातच, कुठे किती दाबायचं याच्या सूचना मिश्रणानंतर लिहिलेल्या असतात. नाइट मोड त्या वाचतो, धमाके दाबतो, कुजबुज उचलतो. संवादाची सरासरी पातळीही तिथे नोंदलेली असते. काही रिसीव्हर सुरुवातीला क्षणभर 'डायलॉग नॉर्म' म्हणून एक आकडा दाखवतात तो हाच. नाइट मोड लावणं म्हणजे सिनेमाची विटंबना, असं मानणारे शौकीन आहेत. मला ते पटत नाही. पंख्याखाली संवाद हरवण्यापेक्षा दबलेला धमाका परवडला.

शेवटी सराउंड मोड. टीव्हीवरच्या, ओटीटीवरच्या कितीतरी मराठी-हिंदी गोष्टी साध्या दोन चॅनेलच्या असतात. तिथे 'स्टीरिओ' किंवा 'डायरेक्ट' लावलंत की सेंटर गप्प आणि आई पुन्हा विचारणार. 'मल्टी चॅनेल स्टीरिओ' लावलंत की नायक मागूनही बोलणार. ते लग्नाच्या पंगतीत गाणी लावायला ठीक. प्रो लॉजिक किंवा नव्या रिसीव्हरवरचं डॉल्बी सराउंड लावा. गणित तेच जुनं: दोन्ही ट्रॅकवर सारखं ते मधे.

आणि एक करून बघा. कृष्णधवल काळातला एखादा मराठी चित्रपट लावा, मोनो आवाजाचा. त्याचे दोन्ही ट्रॅक शंभर टक्के सारखे, त्यामुळे या मोडमध्ये सगळा आवाज सेंटरमधून येतो आणि बाकीचे स्पीकर चिडीचूप राहतात. घाबरून मेन्यू उघडू नका. तो चित्रपट थिएटरात लागला तेव्हाही आवाज पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच येत होता.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मेन्यूत अजून काही न कळणारं असेल तर नेहमीप्रमाणे कळवा, त्यावरही बोलू.